समाधीवरचा गांजा

बोरी, १४ नोव्हेंबर १९८७

आज अण्णांचा तिसरा दिवस. समाधीवर त्यांच्या आवडीचं ठेवायचं, म्हणून वहिनींनी दूधभात ठेवला. काकांनी खिशातून चिमूटभर गांजा काढून शेजारी ठेवला. पोलीस पाटील समोरच होते. मला म्हणाले, "मेलेल्याला कायदा न्हाई, मास्तर." सगळे हसले. मला हसू आलं नाही.

पोटाच्या कॅन्सरने अण्णांच्या, माझ्या थोरल्या भावाच्या, पोटात काही ठरत नव्हतं. गोळ्यांनीही ओकारी थांबेना. काकांनी एकदा चिलीम पाजली, त्या संध्याकाळी अण्णांनी अर्धी भाकरी खाल्ली. महिन्यातली तेवढीच. पुन्हा मागितली तेव्हा शाळेतली नोकरी जाईल म्हणून मी भ्यालो, काकांनाही आणू दिली नाही. अण्णा म्हणाले, "मास्तर हायस का फौजदार?"

निजामाच्या वेळी सेलूला गांजाचं परवान्याचं दुकान होतं, असं काका सांगतात. कर सरकारात जमा व्हायचा, माल पारखून घेता यायचा. आता गांजा मिळतोच, पण चोरून, चढ्या भावाने, आणि वरचा पैसा भलत्याच खिशात. दारूला परवाना आहे. मग दुखणाईताला डॉक्टरच्या चिठ्ठीवर हा का देऊ नये? अर्धी भाकरी काही थोडी नव्हे.

हे सगळं तेव्हाही कळत होतं. मग बोललो का नाही?

परत निघताना वहिनींनी हळूच विचारलं, "भाऊजी, आज न्हाई आडवलं तुमी?"

चपला समोरच होत्या. तरी मी खाली बघून शोधत राहिलो.