मिनलची बॅग

नंदनवन, शनिवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. शेजारच्या सुनंदाकडे गेले, तर तिची मिनल कॉलेजच्या बॅगेतून भेंडी काढत होती. बी.ए.चं पहिलं वर्ष चांगल्या मार्कांनी पास झालेली पोरगी, आणि बॅग भाजीला!

"दुसऱ्या वर्षाला का नाही पाठवलंस?" मी सुनंदाला विचारलं.

"काहून पाठवू, ताई? जास्त शिकली त तिच्याहून शिकलेला पोरगा पाहा लागते. तो कुठून आणू? नोकरी करते म्हटलं, त पाहुणे नाक मुरडतात. मग पोरगी घरीच बसून राहीन ना!"

आत्ता कुठे बसली आहे मग?

मला काटोलहून इथल्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात सोडायला आले तेव्हा बाबांनी माझी ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली होती. लोक हसले, बाबाही हसले. माझ्या लग्नाचा हिशेब त्यांना सुचलाच नाही.

रागाने मी उरलेली भाजी ओट्यावर ओतली. "मिनल, सोमवारी माझ्यासोबत कॉलेजात चल."

तिने आईकडे पाहिलं आणि भाजी पुन्हा बॅगेत भरली. संपलं, वाटलं मला.

फाटकापर्यंत सोडायला आली तेव्हा मात्र तिने कॉलेजचं ओळखपत्र माझ्या मुठीत कोंबलं.

"मावशी, हे तुमच्याकडेच राहू द्या. सोमवारी किती वाजता?"