भट्टीत घातलेलं ड्युरालुमिन

घोडेगाव, ता. ८ जून १९७२

चि. चांगुणास राधामामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या अधू पायाला आधाराचा तो पुण्याचा कॅलिपर मांडीला काचत होता, आता मी वळवून दिलेली पट्टी कशी बसली ते कळव. लोखंड असतं तर माझा घाम निघाला असता. ही भट्टीत धरली तर लाल व्हायचीही वाट बघावी लागली नाही, लोण्यागत वळली. पातेल्याचं जर्मन, अ‍ॅल्युमिनियमच ते, त्यात दम कुठला! तुझी मामी म्हणते, स्वतःचीच पाठ थोपटायला हात पुरतोय तोवर थोपटा. सोमवारी शाळेत रुजू झालीस की पेढे धाड. लोभ आहेच, तो गोड कर.

राधामामा

नेवासा, ता. २ जुलै

ती. मामांस कृ. सा. न. वि. वि.

त्या सोमवारी एसटीतून उतरताना कॅलिपर गुडघ्यापाशी वाकला आणि मी पडले. उजवा हात मोडलाय, डाव्या हाताचं अक्षर सोसून घ्या. शाळेला थांबता येईना, जागा दुसऱ्या बाईंना गेली.

पुण्याला कारागिराला दाखवलं. तो म्हणाला, हे पातेल्याचं नव्हे, ड्युरालुमिन. तांबं मिसळून, मापात तापवून, पाण्यात विझवून त्यात बळ आणतात, विमानालाही वापरतात. भट्टीत घातलं की बळ जातं. कोणी घातलं, असं विचारत होता. मी माहीत नाही म्हटलं. आई बाहेर होती. तिलाही सांगितलंय, मालच खराब निघाला. तुमचं नाव कुठे नाही. जेवण सोडू नका. माया आहे तशीच असू द्या.

आपली चांगुणा

घोडेगाव, ता. ९ जुलै

चि. चांगुणास आशीर्वाद.

पत्र आल्यापासून भट्टी पेटवली नाही. तू माझ्यावर पांघरूण घातलंस, पण ते दुसरीच्या अंगावरनं ओढलं गेलं, बाळा. माझ्या शेजारचे गनीभाई त्यांच्या लेकीला, शमशादला, पुण्याला नेणार होते, तिचाही पाय तुझ्यासारखाच पोलिओनं गेलेला. तुझ्या आईनं इथल्या बाजारात सांगितलं, पुण्याचा माल खराब. काल गनीभाई माझ्याकडं लोखंडी कॅलिपर मागायला आले. पोर म्हणजे नुसती काडी, लोखंड ओढता ओढता जागेवरच बसेल.

मी सगळं खरं सांगितलं. त्या धातूचा जीव माझ्याच हातानं काढला, म्हणालो. ते हसले.

"राधूनाना, तुमच्या हातनं आजवर काय बिघडलंय व्हय? पुन्यावाल्यांचं कशाला झाकताय तुमी?"

आणि पायाचं माप देऊन गेले. जन्मभराची कमाई अशी आडवी आली.

हात गळ्यात बांधलाय तसाच ये. त्यांच्या दारात उभी राहा नि सांग, मामानं बिघडवला. माझ्यावरचा त्यांचा विश्वास तेवढा मोडून जा. लोभ उरला असेल तर एवढं कर.

राधामामा