मारलं की ताई येते

मुलुंड, ९ जानेवारी २०२५
ती. ताईस,
शि. सा. न.

पत्र बघून हसशील. पण वॉर्डात फोन चालत नाही. आपल्या निलेशदादाने दोन फोडल्यावर सगळ्यांचे ऑफिसच्या कपाटात गेले. शकुमावशी इथे आया आहे, घाटकोपरलाच राहते, तिच्या हाती धाडतोय. माझी नोकरी अजून टिकलीय, म्हणजे पैज तू हरलीस. सुटीला वर्सोव्याहून बोटीने मढला गेलो, वाळत घातलेले बोंबील बघत बसलो ते बसलोच. असो, कुठे भरकटलो.

काल दादाने शेजारच्या खाटेवरच्या काशीरामकाकांच्या तोंडावर स्टीलचा पेला हाणला. त्यांचा दात पडला. ऑफिसने फोन केला, तू धावत आलीस, जवळ घेतलंस, की हा गाय. ताई, मी इथेच राहतो म्हणून कळलं गं. चौतीस वर्षांच्या या माणसाला बोलता येत नाही, पण गणित पक्कं आहे. मारलं की ताई येते. संस्था चालवणाऱ्या शर्मिष्ठा मॅडमही तेच म्हणतात. पुन्हा कोणाला लागलं तर त्या त्याला ठेवणार नाहीत, आणि बाकीच्या संस्थांनी आधीच हात जोडलेत. म्हणून मारल्यावर येऊ नकोस. शांत असेल तेव्हा ये, हव्या तितक्या वेळा.

शिव्या दे, पण माया आटवू नकोस.
तुझा,
मुकुल

घाटकोपर, १६ जानेवारी
चि. मुकुल यास,
अ. उ. आ.

अक्षर अजून कोंबडीच्या पायाचंच आहे, अक्कल मात्र भलतीच वाढलीय. आई गेल्यावर निलेशला मी सांभाळलं, तेव्हा तू कुठे फिरत होतास ते तुलाच ठाऊक. फोन आला की हातातलं ताट बाजूला सरतं रे, मी ठरवत नाही.

पण त्यांनी काढला तर ठेवू कुठे? इथे सासूबाईंचं मनगट त्यानेच मोडलं. म्हणून तुझं ऐकते. काल तो शांत होता म्हणून गेले. केळ्याचे वेफर्स खाल्ले आणि खिडकीबाहेर बघत बसला. मी कशी आले हे त्याला कोडंच पडलं असेल.

पुढच्या फोनला येणार नाही. तू त्याच्याजवळ बस.

दोघं एकमेकांना धरून राहा, मला एवढं पुरे.
तुझी,
श्वेताताई

मुलुंड, ३ फेब्रुवारी
ती. ताईस,
शि. सा. न.

जमलं! काल सकाळी त्याने शकुमावशीचे केस ओढले, ताट भिरकावलं, भिंतीवर डोकं आपटलं. वाट लावली सगळ्यांची. तुला फोन गेला आणि तू आली नाहीस. मी त्याचे हात धरून बसलो, तर माझ्या दंडाचं सालटं काढलं. दुपारी पुन्हा तेच. मॅडम म्हणाल्या, आधी वाढणारच, मग उतरेल. आणि खरंच संध्याकाळी पोटाशी गुडघे घेऊन गप्प पडला. जेवला नाही, रुसलाय नुसता. आज अंग थोडं गरम आहे, रडून रडून असेल. मॅडमनी मला शाब्बासकी दिली. मला! शाळेतही कधी मिळाली नव्हती.

ताई, तू लोखंडाची आहेस. अशीच राहा, आणि लोभही तसाच घट्ट ठेव.
तुझा,
मुकुल

घाटकोपर, ६ मार्च
चि. मुकुल यास,
अ. उ. आ.

तू मानखुर्दला तुझ्या मित्राच्या, देवेशच्या खोलीवर आहेस असं तोच सांगून गेला. फोन उचलत नाहीस, म्हणून हे त्याच्याच हाती. निलेशचं अपेंडिक्स फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, त्याने केस ओढले, डोकं आपटलं त्या दिवसापासूनच दुखत असणार. तू पळून गेलास, मी पळून कुठे जाऊ? न येणारी तर मी होते.

निलेश वाचला. टाके निघाले, वॉर्डात परत आलाय. आता तो कोणालाच मारत नाही. पालकांच्या सभेत मॅडमनी सांगितलं, निलेशमध्ये फार सुधारणा आहे, त्याची जागा पक्की. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या रे.

काल त्याच्या मांडीवर गरम चहा सांडला. शकुमावशी किंचाळली. तो नाही. हललासुद्धा नाही. मी समोरच बसले होते.

आता मी रोज जाते. पोट चाचपते, तोंड उघडून दात बघते, तळपाय बघते. तो करू देतो, जसं काही ते शरीर दुसऱ्याचंच आहे. पण मी निघून आल्यावर कोण बघणार? मॅडमनी तुझी जागा भरलेली नाही. परत ये. जेवत जा, आणि माझा तुझ्यावर राग नाही एवढं धरून चाल. मात्र लवकर ये. तो आता कोणाला बोलावणार नाही.
तुझी,
श्वेताताई