घोडीच्या पायाची माती

बाबा, तुमचा नातू सकाळपासून काहीतरी शोधतोय. शेड झाली, गाडीची डिकी झाली, आता जिन्याखालच्या कपाटातलं सगळं सामान त्यानं बाहेर काढलंय. दोनदा मला विचारून गेला. मी मान वर न करता नाही म्हटलं आणि लिहायला बसले. तुम्हाला मी कधी चार ओळी लिहिल्या नाहीत, तशी वेळच आली नाही. तुमचं गॅरेज काल्हेरच्या रस्त्यावर, घर हाकेच्या अंतरावर. जे बोलायचं ते तोंडावर. पण मागच्या रविवारी मला एक गोष्ट दिसली आणि ती जिला सांगावी ती आईही आता नाही.

नातवाची गाडी तुम्ही पाहिली असती तर हसला असता. दोनच माणसं बसतात, टप माझ्या छातीलाही लागत नाही आणि पोट जमिनीला एवढं टेकलेलं की खालून मांजर जायचं तर तिनंही विचार करावा. मागच्या शेतात आता गोदाम उभं आहे, त्याच्या भाड्यातून त्यानं ही जुनी स्पोर्ट्स कार घेतली. एका मेकॅनिकनं भलत्याच जागी जॅक लावून तिचा खालचा पत्रा दाबला, तेव्हापासून तिला परक्याचा हात लागू द्यायचा नाही असं ठरलंय. ऑइल, ब्रेक, जे काय असेल ते अंगणात, स्वतः. मोबाइलवर बघून शिकला, पण खोटं कशाला बोलू, नीट शिकला. पुढची चाकं आधी जाड फळ्यांवर चढवतो, नाहीतर जॅक आतच शिरत नाही. हॅन्डब्रेक ओढतो, मागच्या चाकांना पाचर लावतो, जॅकची जागा हातानं चाचपतो. मग दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड. तुम्ही त्याला घोडी म्हणायचात. मी अजून तेच म्हणते आणि तो हसतो.

मी पहिलीत असेन. गॅरेजमध्ये तुमचा डबा घेऊन आलेय आणि माझा चेंडू एका ट्रकखाली गेलाय. मी वाकून हात घालते, तेवढ्यात पाठीत तुमचा असा धपाटा बसतो की डबा सांडतो. तुम्ही मला त्याआधी कधी मारलं नव्हतं, नंतरही नाही. मी रडायची थांबेपर्यंत तुम्ही जवळ बसून राहिलात आणि मग म्हणालात, "जॅक उचलतो, धरत न्हाय." ट्रकखाली घोड्या सरकवल्या, काढलेलं चाक आडवं करून आत ढकललं आणि मला म्हणालात, आता ढकल. एवढीशी मी, एवढा मोठा ट्रक. तुम्हीही माझ्या शेजारी खांदा लावला, भांडण असल्यासारखा. "पाडायला बघ तिला. पडायची असंल तर आपून भायेर हाय तवाच पडू दे." ट्रक जागचा हलला नाही. मग तुम्ही आत शिरलात आणि माझा चेंडू काढून दिलात.

आणि मग तो दिवस. मी भिवंडीहून कॉलेज करून रिक्षानं आले तर अंगणात माणसंच माणसं. शेजाऱ्याचा टेम्पो तुम्ही गॅरेजच्या सुट्टीच्या दिवशी घरीच, अंगणात बघायला घेतला होता. ड्रायव्हर चहाला गेलेला, टेम्पो अंगावर पडताना कुणी पाहिलं नाही. तुम्हाला बाहेर काढलेलं होतं. दुसऱ्या दिवशी जमलेल्या माणसांनी शेडमध्ये डोकावून पाहिलं, तर घोडी जागच्या जागी, स्वच्छ. म्हणजे नुसत्या जॅकवर गेला आत, सगळे म्हणाले. पट्टीचा पोहणाराच बुडतो, कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही मान्य केलं. बाबा, मला तुमचा फार राग आला. तुमच्या फोटोपुढे दिवा लावताना दरवर्षी यायचा. एक घोडी सरकवायला किती वेळ लागला असता? मला धपाटा घालता आणि स्वतः आळस करता?

मागच्या रविवारी नातवाला पुढचे ब्रेक बघायचे होते. गाडी उचलून घोड्यांवर बसवली, जॅक खाली घेतला, चाकं काढली. मग दोन बोटांनी गाडी हलवली, कुणाचं दार वाजवावं तशी, आणि आत शिरायला चटई अंथरली. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते, ते टाकून खाली आले. त्याला म्हटलं, आधी चाक आत टाक आणि मग नीट ढकलून बघ. तो म्हणाला, "आई, टेन्शन नको घेऊ, दोन्ही लॉक हायेत. याच्यावर ट्रक पण उभा राहील." तरी माझी समजूत म्हणून त्यानं चाकं आडवी करून गाडीखाली सरकवली. मग मीच पदर खोचला आणि खांदा लावला. तुम्ही सांगितलं होतंत तशी ढकलली, पाडायलाच. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा उजव्या घोडीखालचा पेव्हर ब्लॉक तिरका झाला, घोडीचा एक पाय फटीतून आत गेला आणि गाडी कलत कलत येऊन त्या चाकावर बसली. फार मोठा आवाजही झाला नाही. नातू चटईकडे बघत उभा राहिला.

त्यानं पुन्हा जॅक लावून घोडी ओढून काढली. तिच्या पायाला माती होती. अंगणातली लाल माती नव्हे, काळी, चिकट, भातखाचराची. गाड्या आत याव्यात म्हणून तुम्हीच शेताच्या कडेला मुरूम टाकून हे अंगण केलं होतं. वरचा मुरूम सुकतो, खालचं शेत ओलंच राहतं. ती माती मी बोटावर घेतली. आणि मला त्या दिवशीची आई दिसली. घरात माणसं रडतायत आणि ती मागच्या मोरीवर एकटी, नारळाच्या शेंडीनं घोडी घासतेय. तिच्या हातांतून काळं पाणी वाहतंय. तेव्हा मला वाटलं होतं, हिचं डोकं फिरलं. हत्यार मळकं ठेवलेलं तुम्हाला खपायचं नाही, म्हणून तिनं ते धुऊन जागेवर ठेवलं होतं. शेडमध्ये पडून असलेल्या घोडीला ती माती लागेल कशी? लोकांनी पाहिली ती आईनं धुतलेली घोडी. ती कधी बोलली नाही. मी कधी विचारलं नाही.

म्हणजे तुम्ही घोडी लावली होती. खांदाही लावला असणार, तुम्ही लावल्याशिवाय राहणारच नाही. चाक आत टाकलं असलं तरी त्या ओल्या मातीत तेही रुतलं असणार. मी मोरीवर जाऊन पोटभर रडले आणि मला हलकं वाटलं, बाबा, खूप हलकं. पण संध्याकाळ होईपर्यंत ते गेलं. तुम्ही चुकलात असं धरून जगणं सोपं होतं. चुकणारा मरतो, न चुकणारा गाडीखालून हात पुसत बाहेर येतो, एवढ्या भरवशावर मी हा मुलगा वाढवला. आजोबांनी आळस केला, तू करू नकोस, हेच त्याला सांगत आले. आता त्याला काय सांगू? ढकलून बघितलं तेव्हा उभी होती आणि नंतर जमीनच खचली, याला कोणता धपाटा घालायचा?

सगळं मी त्याला सांगितलं. ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "आजोबा चुकले नव्हते, हे चांगलंच हाय ना, आई?" मी हो म्हटलं. आता तो अंगणात गाडी उचलणार नाही. फाटकाजवळ गोदामवाल्यांनी ट्रकसाठी जाड काँक्रीट केलंय, तिथं उचलणार, शिवाय घोड्यांखाली लोखंडी प्लेटा टाकणार. प्लेटा काल आल्याही. तुम्ही असतात तर हेच केलं असतंत, मला माहीत आहे. त्याचं काही चुकत नाही. तेच तर. तुमचंही चुकलं नव्हतं.

आज सकाळी गाडी फाटकाशी नेऊन त्यानं फळ्या लावल्या, पाचर लावली. फक्त जॅकचा दांडा सापडत नाहीये आणि दांड्याशिवाय जॅक वर येत नाही. तो माझ्या तांदळाच्या पिंपात आहे, तळाशी. पहाटे मीच खुपसला. किती दिवस पुरेल असली युक्ती? दुसरा दांडा बाजारात मिळतो, तेवढं मलाही कळतं. हे कागदही घडी करून तिथंच ठेवणार आहे, त्या पिंपात माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही. जिन्यावर पावलं वाजतायत, तो पुन्हा विचारायला येतोय. मी याही वेळी नाहीच म्हणणार आहे.