अध्यक्षांच्या घरची बिनधुराची चूल

शिवणवाडी,
सोमवार, ११ फेब्रुवारी १९७४

तीर्थस्वरूप रंगरावदादा,

धाकट्या कोकिळेचा तुमच्या पायांवर डोकं टेकून नमस्कार. इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे जिवंत आहोत, बाकीचं पुढे वाचालच. वहिनींच्या गुडघ्यांना आता कसं आहे? निरगुडीचा पाला नुसता गरम करून बांधायचा, उकळायचा नाही, असं त्यांना सांगा. तुमचं पित्त कसं आहे? कचेरीतला चहा कमी केलात का? मागच्या पत्राला दोन महिने उत्तर दिलं नाही म्हणून रागावू नका. संध्याकाळी आमच्या घरात दिवा लावायला बंदी आहे आणि दिवसा मला टेकायला फुरसत नाही. आज हे पंचायतीत गेले आहेत म्हणून उंबऱ्यात बसून लिहिते आहे. आधीच सांगून ठेवते, मला तुमच्याकडून काही नको. भाऊ तालुक्याच्या कचेरीत कारकून आहे म्हणून बहिणीने ऊठसूट काही मागावं, हे मला मुळीच पटत नाही. मला फक्त राग आला आहे, आणि तो माहेरच्या माणसाला नाही सांगायचा तर कुणाला?

तर दादा, तिकडे अरबस्तानातल्या लोकांनी तेलाचा नळ आवळला आणि इकडे तुमच्या मेव्हण्यांच्या अंगात वारं शिरलं. तुमच्याकडेही हीच तऱ्हा असेल, पण खेड्यातलं ऐका. रेशनच्या दुकानात हप्त्याला दोन बाटल्या रॉकेल, तेही दुकानदाराचं डोकं थंड असेल तर. दुष्काळात ढोरं गेली म्हणून शेण नाही, शेण नाही म्हणून गोवऱ्या नाहीत. कापूस वेचून झाला की पऱ्हाटी पूर्वी बांधावर पडून असायची, "न्या हो बाई, अडचण होऊन राह्यली" असं म्हणून लोक आपणहून द्यायचे. आता तीच माणसं पऱ्हाटीच्या गंजीला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालतात. अशात तालुक्याहून कागद आला की गावोगाव इंधन बचत समिती नेमावी आणि गरजू घरांना बिनधुराची, कमी जळण खाणारी चूल फुकट द्यावी. कागद चांगला होता, मी त्याला नाव ठेवत नाही. पण शाळेतून निवृत्त झाल्यापासून ह्यांना कशाचं अध्यक्ष व्हायला मिळालेलं नव्हतं. सात जणांची समिती झाली, सातही पुरुष, आणि त्यांतल्या एकानेही जन्मात चूल पेटवलेली नाही. (इंद्रभानजींनी एकदा पेटवली होती, बायको बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा. त्यात त्यांचं धोतर जळालं.)

समितीचा पहिला ठराव आमच्याच घरावर लागू झाला. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, घरात दिवा एकच आणि तोही समितीचं इतिवृत्त लिहायला. मग हे हातात छापील पत्रक घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि मला वाचून दाखवू लागले (वर्गात वाचायचे त्याच आवाजात): भांड्यावर झाकण ठेवावे, डाळ शिजवण्यापूर्वी भिजत घालावी, स्वयंपाक संपताच जाळ विझवावा. दादा, मी तीस वर्षं काय उघड्या भांड्यात डाळ शिजवत होते का? स्वयंपाक झाल्यावर जाळ तसाच ठेवून शिमगा खेळत होते का? आणि पत्रकात पुढे लिहिलं होतं की सुधारित चुलीला एक दुसरे छिद्र असते, त्यामुळे एकाच जाळावर दोन भांडी तापतात. अहो, ती वैल! आपल्या आईच्या चुलीला होती, आजीच्या चुलीला होती. कुणा साहेबाने तिला छिद्र म्हणून कागदावर छापलं आणि शोध लावल्यासारखं आम्हालाच परत वाचून दाखवायला पाठवलं. मी तसं बोलले तर हे म्हणाले, "शास्त्रीय आणि अशास्त्रीय यात फरक असते, तुले नाई कळणार."

मग इंधनाचे साहेब आले. जीपमधून आले. पारावर त्यांचं दीड तास भाषण झालं की देशात तेलाचा थेंब न् थेंब मोलाचा आहे. त्या दीड तासात जीप वडाखाली घुर्र घुर्र करत चालूच होती, कारण ती बंद केली की पुन्हा सुरू होत नाही, ढकलावी लागते, असं ड्रायव्हर म्हणाला. साहेबांचं बोलणं जीपच्या आवाजात नीट ऐकू येईना, म्हणून लोक पुढे सरकले, तर पुढच्यांना धुरामुळे ठसका लागला. इतक्या बायका तिथे होत्या, एकीलाही कुणी विचारलं नाही की बाई, तुझी चूल कशी आहे. शेवटी साहेब म्हणाले की नमुन्याची पहिली चूल अध्यक्षांच्याच घरी बसवा, म्हणजे लोकांचा विश्वास बसेल. हे घरी आले ते छाती फुगवूनच.

ती चूल सात जणांनी बांधली. मी आणि शेजारची चांदबी मधल्या भिंतीवरून बघत होतो. चांदबी तुम्हाला आठवत असेल, अब्दुल गनी टांगेवाल्याची बायको. गनीभाई दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून ती दुसरबीडच्या फाट्यावरच्या हॉटेलाला भाकरी थापून देते, रोज साठ, ट्रकवाल्यांसाठी, आणि त्यावर ती आणि तिची म्हातारी सासू जगतात. चिखल कालवायला सातांपैकी कुणी तयार होईना, तर गड्याला बोलावलं. नकाशात मापं सेंटिमीटरमध्ये होती आणि यांच्याकडे शाळेची मोडकी फूटपट्टी, तिचे पहिले तीन इंच गेलेले. तरी झाली एकदाची. चुलीच्या तोंडाला पत्र्याचं दार बसवलं (म्हणजे आच बाहेर सांडत नाही म्हणे) आणि धुराचं नळकांडं मातीच्या छतातून, धाब्यातून, वर काढलं. संध्याकाळी उद्घाटन. सात पाट मांडले, नारळ फोडला, पहिली भाकरी अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी करावी असा ठराव झाला.

मी जाळ लावला, दार लोटलं, आणि पाच मिनिटांत बिनधुराच्या चुलीने असा धूर सोडला की होळीलाही सोडला नसता. समिती पाटावरून उठून अंगणात पळाली. इंद्रभानजी उंबऱ्याला अडखळून तुळशीवर पडले. हे खोकत खोकत पत्रकातलं "सुरुवातीस घ्यावयाची काळजी" वाचत होते. तेवढ्यात चांदबी तिच्या धाब्यावरून ओरडली, "वं कोकिळाबाई! तुमच्या नळकांड्यावर मडकं कोनं पालथं घातलं वं? चूल जीव सोडून राह्यली ना!" कुणी घातलं असणार? आपल्याकडे धाब्याला भोक दिसलं की पुरुषमाणसाचा हात आपोआप मडक्याकडे जातो. झरोक्यावर घालायची सवय, पावसाचा थेंब आत येऊ नये म्हणून. दुपारी आभाळ आलं तसे हे वर चढले आणि शासनाच्या नव्या कोऱ्या नळकांड्यावर फुटकं मडकं पालथं घालून, घराची काळजी घेतली म्हणून समाधानाने खाली आले. चांदबीने ते काठीने ढकललं, तेव्हा कुठे आम्हाला एकमेकांची तोंडं दिसली.

धूर गेला तर भाकरीचं संकट. ज्वारीची भाकरी तव्यावर अर्धी होते आणि चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी केली की मग फुगते, हे आपल्याकडे पाच वर्षांच्या पोरीला माहीत असतं, पण नकाशा काढणाऱ्याला माहीत नव्हतं. तोंडाला दार! भाकरी उभी करायची कुठे? पऱ्हाटीही पूर्वी लांब घालून हळूहळू आत सरकवायची, आता दार लागावं म्हणून वीत वीत मोडत बसा. समितीने त्या दिवशी कच्ची भाकरी खाल्ली आणि उत्तम झाली असं इतिवृत्तात लिहिलं. दुसऱ्या दिवशी चांदबी येऊन चुलीपुढे बसली, दार उघडून बंद करून पाहिलं आणि म्हणाली, "हे चूल हाय का संदूक? याले कुलूप काऊन नाई लावलं?" हे बाहेर गेले तशी आम्ही दोघींनी दार उपटलं, तोंड चार बोटं रुंद केलं, पुढे भाकरी टेकवायला मातीचा ओटा काढला, आणि आतला उंबरा तिने हाताने चाचपून चाचपून खाली घेतला, जाळ वैलीखाली जाईपर्यंत. तिच्या बोटांना जे कळतं ते सेंटिमीटरला कळत नाही. त्या दिवसापासून पऱ्हाटीच्या एका भाऱ्यात माझे दोन दिवस निघतात. खोटं कशाला बोलू? तीन दिवस तीही माझ्याच चुलीवर साठ भाकरी करून गेली. मग आपणहून यायची थांबली. म्हणाली, "दुसऱ्याच्या चुलीपुढे रोजच्या रोज बसनं बरं नाई दिसत, बाई. तुमचाबी सैपाक अडते."

आता खऱ्या रागाची गोष्ट. गावाला दहा चुली मंजूर, म्हणजे दहा नळकांडी आणि जाळाखाली बसवायच्या दहा जाळ्या. समितीने गरजूंची यादी केली. इंद्रभानजींचं नाव त्यात आहे (त्यांच्या विहिरीवर विजेची मोटार आहे, पण ते मनाने गरजू असतील). आमचं आहे, नमुना म्हणून. आणि चांदबीच्या घरापुढे काय लिहिलं आहे ते मी माझ्या डोळ्यांनी वाचलं: "कुटुंबप्रमुख अब्दुल गनी, मयत. सबब चूल अनावश्यक." रेशनकार्ड गनीभाईंच्या नावावर, म्हणून रॉकेलही बंद. नाव बदलायचा अर्ज तिने दिवाळीआधीच केला आहे, त्याचं पुढे काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही. जळण पुरत नाही म्हणून साठ भाकरींच्या तीस झाल्या, आणि हॉटेलवाल्याने निरोप दिला आहे की शिवरात्रीपर्यंत पुऱ्या साठ आल्या नाहीत तर तो दुसरी बाई बघेल.

ज्या बाईने समितीची चूल चूल केली, तिलाच चूल अनावश्यक! परवा आमच्या ओसरीवर सभा भरली तेव्हा मी चहा द्यायला गेले आणि चहा तसाच हातात धरून बोलले. तीस वर्षांत पहिल्यांदा परपुरुषांपुढे तोंड उघडलं. म्हटलं, "मेलेल्या मानसाले चूल नाई लागत हे खरं हाय. पन त्याच्या मागच्यायले भूक लागते का नाई?" इंद्रभानजी तुळशीकडे पाहत बसले. शेवटी हे म्हणाले, "नियमात बसत नाई, मी काय करू?" मी चहा परत आत नेला. तेव्हापासून मी ह्यांच्याशी कामापुरतंच बोलते, आणि काम फारसं नाही.

बस, एवढंच सांगायचं होतं. सांगून बरं वाटलं. वहिनींना आणि मुलांना माझी आठवण सांगा. उन्हाळ्यात या, पण जेवायला दिवसाउजेडी पोचाल असे निघा.

तुमची,
कोकिळा

ता. क. मी काही मागत नाही असं वर लिहिलं आहे. पण ती यादी गुरुवारी तुमच्याच टेबलावर येणार आहे असं कळलं. त्यात दहाव्या नंबरला आमचं नाव आहे. त्यावर रेघ मारा आणि तिथे लिहा: चांदबी, कुटुंबप्रमुख. ही काही लाचलुचपत नाही, माझंच नाव मी खोडायला सांगते आहे. नळकांडं आणि जाळी मी इकडून तिच्या घरी नेऊन देईन. आणि तुमच्या कचेरीतल्या कपाटांत तिचा कार्डाचा अर्ज सापडतो का तेही बघा.

आणखी ता. क. नावडती वस्तू दान करते आहे असं मात्र समजू नका. मी चुलीला वर बरंच बोलले आहे, पण खरं सांगायचं तर बारा दिवस झाले, माझ्या डोळ्यांना पाणी आलेलं नाही. लग्न होऊन आल्यापासून असे बारा दिवस मला मिळाले नव्हते. सकाळी सुईत दोरा ओवला, पहिल्याच खेपेला गेला. म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा यादी निघाली तर माझं नाव लक्षात ठेवा. नाही जमलं तर राहू द्या, सवय आहे.

(अध्यक्षांचा शेरा)

श्री. रंगरावजी यांस स. न. वि. वि. सदर पत्र टपालात टाकण्यापूर्वी, सौ. पाण्याला गेली असता, वाचले. त्याबद्दल क्षमस्व. धुराबाबतचा मजकूर अतिरंजित आहे. मडके मी ठेवले होते, हे खरे आहे. दहाव्या क्रमांकाच्या नावात बदल करण्यास अध्यक्ष या नात्याने मंजुरी देत आहे. समितीला विचारलेले नाही, विचारणारही नाही. डोळ्यांबद्दल तिने मला कधी सांगितले नव्हते. मी विचारलेही नव्हते. चांदबीच्या चुलीची मापे तिच्याकडूनच घेतली आहेत आणि परसात माती भिजत घातली आहे. ती मी स्वतःच तुडवतो आहे. शेजारी विचारतात, त्यांना समितीचे काम आहे असे सांगितले. तालुक्याच्या बाजारात सौ.च्या चुलीसाठी पत्र्याचे नळकांडे, जुने चालेल, सहा हात लांबीचे मिळाले तर एस.टी.ने पाठवावे. पुढच्या वर्षी नको, याच हप्त्यात पाठवावे.

आपला,
हिंमतराव