तांब्याभर पाणी

मंगरूळपीर
११ फेब्रुवारी १९७३

चि. देवमन यास अक्काचे अ. उ. आ.

तुझ्या मंडळीतल्या भागिरथाबाई परवा बाजाराला आल्या होत्या, त्या माझ्याकडे चहा पिऊन गेल्या. बाबांचा खोकला थांबला, लिलाचा भाजलेला हात भरून आला, हे ऐकून बरं वाटलं. मी ठीक आहे. शाळेच्या विहिरीने तळ गाठलाय, त्यामुळे मुली घरून पाणी आणतात आणि मी व्याकरणापेक्षा भांडणंच जास्त सोडवते.

उठता उठता बाईंनी आणखी एक सांगितलं. गेल्या रविवारी तू उपदेशात म्हणालास की ज्यांच्यावर नुसतं पाणी शिंपडलं त्यांचा बाप्तिस्मा झालाच नाही, आणि तो नाही तर तारण नाही. कुणीतरी विचारलं की मग भाऊ, तुमच्या आईचं काय. तेव्हा तू म्हणालास म्हणे, शास्त्र माझ्या आईसाठी बदलत नाही. बाबा तेव्हा पहिल्या सतरंजीवर बसले होते.

देवमन, आई-बाबांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला, अठ्ठावीस सालच्या मे महिन्यात. तेव्हाही असाच दुष्काळ होता. म्हाताऱ्या पाद्रीसाहेबांना कुठे विहिरीत पाणी मिळालं नाही, म्हणून ते तांब्याभर घेऊन आले. अर्धं बाबांच्या डोक्यावर, अर्धं आईच्या. त्यानंतर तेहतीस वर्षं ती बायबलबाई म्हणून गावोगाव अनवाणी फिरली. तुला अक्षरं तिने त्याच पुस्तकावर शिकवली आणि त्याच पुस्तकाचा आधार घेऊन तू तिला बाहेर काढलंस.

मी यातलं काहीच मानत नाही, तुला ठाऊक आहे. पण मानायचंच झालं तरी तुझ्या देवाने आधी विहीर आटवायची आणि मग पाणी कमी पडलं म्हणून बाईला दारात अडवायचं, हे कसं? असा कारभार तहसिलीतसुद्धा चालत नाही.

बाबांना काही दिवस माझ्याकडे पाठव. लिलाला आशीर्वाद. लोभ आहेच, आज तो रागातून दिसतोय एवढंच.

तुझी,
अंजनाअक्का

---

मु. पो. मेडशी
१९ फेब्रुवारी १९७३

ती. अक्कास देवमनचा प्रभू येशूच्या नावात सलाम. वि. वि.

पत्र मिळालं. तुझं पत्र आलं की लिला आधी माझं तोंड बघते आणि मग विचारते की नणंदबाईंनी किती फटके मारले.

आईचा नाश झाला असं मी म्हणालो नाही. तिचं तारण झालं असं मला म्हणता येत नाही, एवढंच म्हणालो. या दोन्हीत फरक आहे. तुला तो दिसणार नाही. जिच्या मते पलीकडे काहीच नाही, तिने आत कोण गेलं आणि कोण राहिलं यावरून भांडावं, याची मला गंमत वाटते.

तीन वर्षांपूर्वी मी काय होतो ते तू पाहिलंस. लिलाच्या पाटल्या मी विकून प्यायलो. बाबांच्या अंगावर हात टाकला. तेव्हाही मी शिंपडलेलाच होतो, लहानपणापासून. मग इथल्या नदीत मला बुडवून वर काढलं आणि तेव्हापासून मी थेंबाला शिवलो नाही. तेव्हा पाणी कमी काय अन् जास्त काय, असं मला सांगू नकोस. ज्याला वाचवलं त्यालाच ते कळतं.

आईसाठी आता मला काही करता येत नाही. बाबांसाठी येतं. त्यांचं वय त्र्याहत्तर. ईस्टरच्या रविवारी त्यांनी पाण्यात उतरावं अशी माझी रोजची प्रार्थना आहे. नदी कोरडी आहे, म्हणून आम्ही जगदेव पाटलांच्या वावरात खड्डा खणून ताडपत्री अंथरणार. मंडळीतली प्रत्येक बहीण एक घागर देणार आहे. बाबा हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. विषय काढला की थापी घेऊन भिंतीचे पोपडे काढत बसतात. गवंडीकाम सुटून वर्षं झाली, थापी सुटत नाही.

ते मंगरूळला येणार नाहीत. या दिवसांत त्यांच्या कानावर तुझं बोलणं पडू नये असं मला वाटतं, आणि हे मी उघड लिहितो. राग धरावास, पण माया सोडू नयेस.

तुझा भाऊ,
देवमन

---

मेडशी
१२ मार्च १९७३

चि. अंजनास बापाचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र लिला लिहून राह्यली. मी बोलतो तसंच लिही म्हटलं तिले, पुस्तकी करू नोको. देवमन मालेगावले गेला हाय.

मी बरा हावो. खालचा एक दात पडला. बाई, देवमन माह्याशी भांडत नाही, रडते. तुमी पाण्यात नाही उतरले त मी वर गेल्यावर कोणाचा हात धरू म्हणते. पहिले दारू पिऊन रडे, तवा मले राग ये. आता त्याची कीव येते.

पन माही अडचण निराळी हाय. मी उतरलो, अन् तुही माय गोजरा तांब्यावरच राह्यली, त मी तिकडं अन् ती कुठं? तिले एकटी टाकून मी कधी बाजारालेबी गेलो नाही. अन् नाही उतरलो त हे पोरगं माह्या नावानं जलमभर भीत राहीन. मी महिना झाला गोजरेच्या नावानं भेतो, मले मालूम हाय ते काय असते.

तू देव मानत नाही, म्हून तुले विचारतो. मानणारे लोक माह्याशी सांभाळून बोलतात. वाशीमच्या दवाखान्यात शेवटचे तीन हप्ते तूच तिच्यापाशी होती. मी कारंज्याले कामावर, देवमन नागपूरले. त्या दिवसांत तिले कोनं पाण्यात उतरवलं काय? असंन तरी सांग, नसंन तरी सांग.

लिला म्हणते कागद संपला. आंगाले जप, जेवत जाय.

पुंजाजी

---

मंगरूळपीर
१८ मार्च १९७३

ती. बाबांस अंजनाचा शि. सा. न. वि. वि.

बाबा, आई पाण्यात उतरली होती.

दवाखान्यात रोग्यांना भेटायला दक्षिणेकडचे एक उपदेशक आले होते, काटकुळे, हातात छत्री. आईने त्यांच्याशी दोन दिवस बोलून स्वतःच ठरवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन नर्सनी तिला धरून मागच्या हौदाशी नेलं, लिंबाच्या झाडाखालच्या. पाणी छातीपर्यंत होतं. एका दमात खाली गेली आणि वर आली तेव्हा नाकातोंडात पाणी गेल्यामुळे शिंकत होती आणि हसत होती. मीच तिचे केस पुसले.

तुम्हाला सांगू नकोस असं तिनेच मला बजावलं. त्यांना वाटेल मी त्यांना मागे सोडून पुढे गेले, असं ती म्हणाली. म्हणून बारा वर्षं मी गप्प राहिले. आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

तुम्हाला उतरायचं असेल तर उतरा, नसेल तर नका उतरू. ती ठीक आहे. दात दुखत असेल तर लवंग धरा. तुमचा हात माझ्या डोक्यावर असाच राहू द्या.

तुमची,
अंजना

---

मेडशी
२ मे १९७३

ती. अक्कास देवमनचा सलाम.

ईस्टरला बाबा उतरले. तुझं पत्र आल्यापासून ते मला हसून बोलत होते, भाजीला मीठ कमी आहे म्हणून लिलाला चिडवत होते. एकेचाळीस घागरी पाणी झालं. वर आल्यावर त्यांनी माझ्या तोंडावरून ओला हात फिरवला. मी तेव्हा तुझ्यासाठी देवाचे आभार मानले, मोठ्याने, सगळ्यांसमोर. नंतर ते पाणी पाटलांच्या गुरांनी प्यालं, म्हणून गावाने कुरकुर केली नाही.

आनंदाच्या भरात मला वाटलं, आईचं नावही आपल्या नोंदवहीत लिहावं. त्या उपदेशकांचं नाव हवं म्हणून मी गोमतीबाईंना लिहिलं, त्या वॉर्डाच्या जुन्या नर्स. काल त्यांचं उत्तर आलं. गोजराबाईंचे टाके शेवटपर्यंत वाळले नव्हते, त्या तीन आठवड्यांत खाटेवरून एकदाही उतरल्या नाहीत, कुणी उपदेशक आले नव्हते, आणि हे अंजनाला पक्कं माहीत आहे, असं त्यांनी लिहिलंय.

तू माझी टिंगल केलीस, मी सोसली. देवाला नाकारलंस, तेही सोसलं. पण पवित्र गोष्टीची खोटी साक्ष तू बापाला दिलीस आणि त्या साक्षीवर तो माणूस पाण्यात उतरला. म्हणजे विश्वासाने उतरलाच नाही. येत्या रविवारी मी बाबांना खरं सांगणार आहे. खोट्यावर बापाला उभं करून मी देवापुढे जाऊ शकत नाही.

देवमन

---

मंगरूळपीर
४ मे १९७३

चि. देवमन यास अ. आ.

हो, मी खोटं लिहिलं. विचार करून लिहिलं आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा लिहीन.

पण बाबांना सांगू नकोस. मोठी झाल्यापासून मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. तुझी दारू सुटावी म्हणून पाया पडले, ते लिलासाठी. आज माझ्यासाठी मागते. तू गप्प बसणार असशील तर मी मेडशीला येते आणि तुझ्या ताडपत्रीच्या खड्ड्यात उतरते. सगळ्या मंडळीसमोर तू म्हणशील ते म्हणेन. माझ्या मनात काही नसेल, ते तुला आणि मलाच ठाऊक असेल. मास्तरीण पाण्यात उतरली म्हणून तुझी मंडळी दुप्पट होईल.

यापेक्षा मोठं माझ्याजवळ काही नाही. बाबांना निवांत राहू दे रे.

अक्का

---

मेडशी
२४ जून १९७३

ती. अक्कास देवमनचा सलाम. वि. वि.

तू मातीला आलीस, बाबांवर तीन मुठी टाकल्यास आणि माझ्याशी न बोलता एस.टी.त बसलीस. लिलाला जवळ घेतलंस, ते बरं केलंस. पण तुला माहीत नाही असं बरंच काही मागे राहिलंय, ते मी लिहितो.

तुझं मेमधलं पत्र मी तीनदा वाचलं. मनात आलं होतं की तुला येऊ द्यावं. तुला पाण्यात उतरताना पाहायची मला किती वर्षांची आस होती. पण ते खोटं झालं असतं, म्हणून मी उत्तर दिलं नाही, आणि रविवारी उपासना झाल्यावर बाबांना सगळं सांगितलं.

ते शेंगा सोलत होते. म्हणाले, मले मालूम हाय. तो लिंबाखालचा हौद मीच बांधला, सासष्ट साली. गोजरा गेली तवा तिथं नुसतं गाजरगवत होतं. अंजनीचं पत्र ऐकलं तवाच समजलो. पोरगी खोटं बोलली पन गवंड्याले विचारून नाही बोलली.

मग उतरलात कायले, असं मी विचारलं. मी ओरडलो, अक्का, त्या माणसावर पुन्हा ओरडलो. ते म्हणाले, तुह्यासाठी. मी गेल्यावर तू माह्या नावानं भीत बसशीन, म्हून उतरलो. तुले बरं वाटलं होतं, मग सांगत कायले बसलास? आता वहीतून माहं नाव खोड. गोजरा बाहेर असंन त मीबी बाहेर.

मी नाव खोडलं नाही. त्यानंतर ते उपासनेला आत आले नाहीत. दर रविवारी अंगणातल्या दगडावर आमच्याकडे तोंड करून बसायचे आणि गाणं सुरू झालं की टोपी काढायचे.

शेवटच्या दिवशी ताप डोक्यात गेला होता, पण मला ओळखत होते. मी त्यांचा हात धरून विचारलं, बाबा, कुठे चाललात. तुही माय असंन तिथं, असं म्हणाले. मग माझ्याकडे बघत राहिले. मी आमेन म्हणावं म्हणून थांबले होते, अक्का. मला म्हणता आलं नाही. मी जे लोकांना शिकवतो त्यात ते बसत नव्हतं. शेवटी लिला म्हणाली, आणि तोवर त्यांना ऐकू गेलं की नाही, ते तिलाही माहीत नाही.

जुन्या मिशनच्या पाद्रींनी काही न विचारता त्यांना आईच्या शेजारी जागा दिली. मी त्यांना शिंपडणारे म्हणून नावं ठेवली होती.

तुझं मार्चमधलं पत्र बाबांच्या उशाखाली मिळालं, चौघडी करून ठेवलेलं. मी ते फाडलेलं नाही. रोज काढून वाचतो. आई शिंकली आणि हसली, तिथपर्यंत वाचतो.

येत्या रविवारी मला उपदेशाला उभं राहायचं आहे. अक्का, बाबांना लिहिलंस तसं एक पत्र मला लिही. दोघांबद्दल लिही. या वेळी मी गोमतीबाईंना विचारणार नाही.

लोभ असावा असं लिहायचा हक्क राहिला नाही, तरी लिहितो.

देवमन