मैत्रीच्या पेशी आणि माझ्या दोन तारा

पुनावळे, मंगळवार

आदरणीय सरूताईस,

धाकट्या भीमराजचा सविनय जयभीम. गुडघे आता जिना चढू देतात का? इकडे सगळे बरे आहेत (मी सोडून, पण तो आजार नव्हे). फोनच केला असता, पण आमची पोर मैत्री घरात असते आणि आमच्या भिंती किती पातळ ते तुला ठाऊक आहे.

तर शुक्रवारी लेकीचा डबा घेऊन मी आकुर्डीला तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेलो. ती कॅन्सरच्या पेशींवर औषध घालते आणि त्या कशा मेल्या ते शोधते. मेल्या एवढं पुरत नाही म्हणे. पेशी ठरवून मेली तर जाताना स्वतःचा डीएनए सारख्या मापाने कापते, आणि तपासणीत शिडीसारख्या पायऱ्या दिसतात; नुसतीच फुटून मेली तर फराटा दिसतो. (जायचंच आहे तर मोजमाप कशाला? चाकणच्या कंपनीत बावीस वर्षं मेंटेनन्सला होतो, तिथे पगारी माणसांना सारखे तुकडे कापता येत नसत.) मला निम्मं कळलं, मान मात्र पूर्ण हलवली.

चायना ग्रासच्या वडीसारखं काहीतरी असतं, त्याला जेल म्हणतात. ते पाण्यात बुडवून तिने एका टोकाच्या खाचांत तीन आठवडे खपून केलेले नमुने भरले. त्यातून वीज सोडली की तुकडे काळ्या तारेकडून तांबडीकडे सरकतात. हे मला नंतर कळलं. आधी एवढंच दिसलं, की ती हात धुवायला गेलीय आणि दोन्ही तारा सैल आहेत. हात राहीना गं. उपटल्या आणि पुन्हा बसवल्या. तारा जिथे बसतात त्या विजेच्या जुन्या डब्यावरचे खुणेचे रंग उडालेले होते. (घट्ट मात्र बसल्या.)

तिने येऊन बटण दाबलं. तासाभराने खास दिव्याखाली पाहिलं तर ना शिडी, ना फराटा. नमुने उलटे धावून पाण्यात गेले होते. मैत्री तारांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, माझ्याच हातून उलट्या लागल्या."

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या योगिनी मॅडमनी तिला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. खरं सांगायला मी तोंड उघडलं, आणि विचारलं काय, तर ते पाणी गाळून घेता येईल का. तेव्हापासून पोरगी पुन्हा पेशी वाढवत बसलीय आणि मला घास जात नाही.

तुझा,
भीमराज

ता. क. खरं काम असं, की रविवारी ये आणि तारा मी उलट्या लावल्या हे तिला तू सांग. तुझ्यावर ती चिडत नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात मैत्री आली. आत्याला काय लिहिताय म्हणाली, आणि मला खोटं सुचेना. सगळं ऐकून म्हणते, "बाबा, मला तेव्हाच कळलं होतं. तुमचं नाव घेतलं असतं तर मॅडमनी तुम्हाला परत आत घेतलं नसतं."

आता तू सांगण्यासारखं काही उरलं नाही. तरी ये. ती समोर बसून हसतेय, आणि मला कुठे बघावं ते कळत नाहीये.